लसावि मधला 'वि' आणि समच्छेद मधला 'च'

प्रश्न असा होता की ५/१२ + ७/१८ करताना मुलगी लसावि ६ काढते, 'लघुतम म्हणजे सगळ्यात लहान ना' म्हणते, तिला काय सांगायचं, आणि जाता जाता, समच्छेद मध्ये जादाचा च कुठून आला.

तिचं चुकतंय ते गणितात नाही हो, शब्दात चुकतंय. लसावि आणि मसावि दोन्हीच्या शेवटी 'वि' आहे पण तो एकच शब्द नाही. लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य, मसावि म्हणजे महत्तम साधारण विभाजक. पूज्य आणि पूजक सारखंच हे, ज्याची पूजा करायची तो पूज्य, करणारा पूजक, तसं ज्याला भाग जातो तो विभाज्य आणि भाग देणारा विभाजक. म्हणजे १२ चा विभाज्य १२ पेक्षा लहान असूच शकत नाही (शून्य सोडून), मग ६ येईल कसा? ६ हा मसावि झाला. लघुतम शब्दामुळे मुलं लहान आकडा शोधतात आणि महत्तमला मोठा, उत्तरं मात्र बरोबर उलटी येतात. मला तर वाटतं की पहिले काही दिवस शॉर्टफॉर्म वापरूच नये, पूर्ण नाव म्हणायला लावावं.

'साधारण' पण फसवा आहे, आपण बोलताना साधारण म्हणजे अंदाजे किंवा सामान्य म्हणतो, इथे अर्थ सामाईक, दोघांत मिळून एक.

आता समच्छेद. संस्कृत संधीत ऱ्हस्व स्वरापुढे छ आला की मधे च् येतो, म्हणून सम + छेद = समच्छेद, भिन्नच्छेद पण तसाच, परिच्छेद आणि अनुच्छेद पण तसेच. त्यामुळे 'समछेद' लिहू नका. छेद म्हणजे कापणं, एकाचे किती तुकडे केले ते छेद सांगतो आणि त्यातले किती घेतले ते अंश. बारावे तुकडे आणि अठरावे तुकडे सरळ मिळवता येत नाहीत म्हणून दोन्हीचे छत्तिसावे करायचे, १५/३६ + १४/३६ = २९/३६.

हा शब्द जुना आहे बरं का, भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) 'समच्छेदविधान' आहे आणि ते मला फारच आवडतं, कारण तिथे आधी सांगितलंय की एकमेकांच्या हराने (हर म्हणजे छेदच) गुणा, तसं केलं तर आपल्या गणितात छेद २१६ येतो आणि शेवटी १७४/२१६ ला संक्षिप्त रूप देत बसावं लागतं, पण लगेच पुढच्या ओळीत दुसरी वाट दिलीय की हरांना आधी सामाईक संख्येने भागून घ्या आणि मग गुणा. १२ आणि १८ ला ६ ने भागलं की २ आणि ३, मग १२ ला ३ ने आणि १८ ला २ ने गुणलं की दोन्हीकडे ३६. मुलीने काढलेला ६ इथे कामाला येतो, तो खोडायला लावू नका, त्याच्यावरूनच तिला ३६ पर्यंत न्या.