दीड लाखाचं इंजिनकाम की सोळा लाखांची नवी गाडी?

प्रश्न : आमची डिझेल एसयूव्ही २०१७ ची, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. गेल्या वर्षी टर्बोला ५५ हजार गेले. आता आईला घेऊन येताना कसारा घाटात गाडी तापून बंद पडली. हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) उडालं, हेड वाकलं, खर्च १ लाख ६० हजार. एजंट आहे तशी गाडी २ लाखांना मागतो, चालू असेल तर पावणेचार म्हणतो. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठीची ४ लाखांची एफडी मोडून आणि १२ लाखांचं कर्ज काढून नवी घ्यावी का? महिन्याला जेमतेम ६०० किलोमीटर फिरतो. – एक वाचक, नाशिक

उत्तर : नवी गाडी आत्ता घेऊ नका. घाटात वयस्कर आईसोबत अडकल्यावर त्या गाडीवरचा विश्वास उडणारच. तुमची धास्ती मला पूर्ण समजते. पण हिशेब पाहा. १२ लाखांचं पाच वर्षांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता सुमारे २५,२०० रुपये. पहिल्या वर्षाचेच हप्ते तीन लाखांवर जातात आणि पाच वर्षांत तीन लाखांहून जास्त नुसतं व्याज भरावं लागतं. शिवाय मुलीची फी भरायची वेळ येईल तेव्हा हातात एफडी नसेल.

टर्बोचे ५५ हजार या हिशेबात धरू नका; ते गेले. आज दुरुस्तीला १.६० लाख लागतात आणि त्याने गाडीची किंमत पावणेदोन लाखांनी वाढते. म्हणजे पुढे विकायची ठरवली तरी दुरुस्तीचे पैसे बहुतेक वसूल होतात. विकताना मात्र इंजिनकाम झाल्याचं लपवू नका, बिलं दाखवा.

पण होकार देण्याआधी गाडी तापली कशामुळे, हे गॅरेजवाल्याकडून लेखी घ्या. रेडिएटर चोंदला होता, वॉटर पंप गेला होता की थर्मोस्टॅट अडकला होता? मूळ कारण तसंच ठेवून हेड प्लेन करून (घासून सपाट करून) बसवलं, तर नवं गॅस्केटही उडेल. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसत असेल तर ऑइलमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) मिसळलं असण्याची शक्यता आहे; मग बेअरिंगही उघडून बघायला लावा. दुसऱ्या गॅरेजचं सुटं-सुटं अंदाजपत्रक आणा आणि कामाची गॅरंटी बिलावर लिहून घ्या. विम्याची आशा ठेवू नका. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही, आणि इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर असलं तरी ते मुख्यतः पाणी शिरणं किंवा ऑइल गळतीतून झालेल्या नुकसानीसाठी असतं.

इंजिन उघडल्यावर आकडा २ लाखांच्या पुढे गेला, तर मात्र तिथेच थांबा आणि आहे तशी विका. मग ५-६ लाखांची वापरलेली पेट्रोल गाडी बघा. ६०० किलोमीटरसाठी डिझेल परवडत नाही, आणि बीएस-६ डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) गावातल्या छोट्या फेऱ्यांत चोंदतो, तो खर्च वेगळाच.

दुरुस्त करून गाडी ठेवलीत, तर महिना १२ हजारांची आरडी आजच सुरू करा. दोन वर्षांत तीन लाखांच्या वर जमतील आणि पुढच्या गाडीचं डाउन पेमेंट एफडीला हात न लावता होईल.