रिसीव्हरचा करार आणि सॅलरी कॅपचं गणित : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) डॅलस काउबॉइजने सीडी लॅम्ब या रिसीव्हरला (पास झेलणारा खेळाडू) 13.6 कोटी डॉलर दिले. एका रिसीव्हरवर एवढा खर्च केल्यावर बाकी संघासाठी उरतं काय? (एक वाचक, डॅलस)

उत्तर : बातमीतला आकडा चार वर्षांच्या वाढीव कराराचा आहे आणि तो सॅलरी कॅपवर (संघाच्या वर्षभराच्या पगारखर्चाची मर्यादा) एकदम पडत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये सही करताना लॅम्बला 3.8 कोटी डॉलर साइनिंग बोनस मिळाला. असा बोनस कॅपच्या हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागता येतो, म्हणजे वर्षाला 76 लाख. पहिल्या वर्षीचा मूळ पगार किमान ठेवला की झालं! जुन्या करारानुसार 2024 मध्ये लॅम्बचे सुमारे 1.8 कोटी कॅपवर धरले जाणार होते. नव्या, कितीतरी मोठ्या कराराने तो भार निम्म्यावर आणला. आयपीएलच्या पर्सची सवय असलेल्यांना हे पचायला जड जातं.

उधारी मात्र चुकत नाही. हप्ते शिल्लक असताना खेळाडू गेला, तर उरलेलं सगळं संघाच्या बोकांडी बसतं. एप्रिल 2024 मध्ये बफलोने स्टेफॉन डिग्ज या रिसीव्हरला ह्यूस्टन टेक्सन्सकडे धाडलं. तो खेळला टेक्सन्सकडून, आणि बफलोच्या कॅपवर सुमारे 3.1 कोटी ‘डेड मनी’ पडला. त्या वर्षीचा कॅप 25.54 कोटींचा, म्हणजे जवळजवळ आठवा हिस्सा मैदानात नसलेल्या माणसावर गेला.

प्रश्न : सिनसिनाटी बेंगॉल्सने जमार चेस या रिसीव्हरला 2024 मध्येच का बांधून घेतलं नाही? नंतर तो महागात पडला ना?

उत्तर : पडला, पण ओरड होते तितका नाही. 2021 च्या ड्राफ्टमधला (लीगमध्ये नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया) असल्याने तीन मोसम संपताच, म्हणजे 2024 च्या सुरुवातीपासून, त्याच्याशी वाढीव करार करता येत होता. जूनमध्ये मिनेसोटाने आपला रिसीव्हर जस्टिन जेफरसनला चार वर्षांचे 14 कोटी देऊन बाजारभाव ठरवून टाकला. चेसचं तेव्हा जमलं नाही. मग पठ्ठ्याने त्या मोसमात 127 झेल, 1,708 यार्ड आणि 17 टचडाउन केले, तिन्हींत लीगमध्ये पहिला. मार्च 2025 मध्ये सिनसिनाटीने 16.1 कोटी मोजले.

आता डॉलर बाजूला ठेवून कॅपशी प्रमाण काढा. जेफरसनची वार्षिक सरासरी 2024 च्या कॅपच्या 13.7 टक्के, चेसची 2025 च्या 27.92 कोटींच्या कॅपच्या 14.4 टक्के. फरक एवढाच. माझ्या मते सिनसिनाटीची खरी अडचण चेस नाहीच. क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) जो बरोचा 27.5 कोटींचा करार आधीपासून आहे आणि चेसबरोबरच दुसरा रिसीव्हर टी हिगिन्सलाही 11.5 कोटी दिले. एकाच पासिंग हल्ल्यात तिघांवर इतकं लावल्यावर बचावफळी स्वस्तात उभी करावी लागते.

प्रश्न : फ्रँचायझी टॅग (करार संपलेल्या खेळाडूला वर्षभर आपल्याकडेच ठेवण्याचा संघाचा हक्क) लावून एखादं वर्ष काढता येत नाही का?

उत्तर : येतं. हिगिन्सला 2024 मध्ये तसंच खेळवलं. पण टॅगची रक्कम, त्याच्या बाबतीत सुमारे 2.18 कोटी, त्याच वर्षी पूर्ण मोजली जाते, विभागता येत नाही. दुसऱ्यांदा लावला तर किमान 20 टक्के वाढ. वर खेळाडू नाराज, ते वेगळंच.

प्रश्न : मग कॅन्सस सिटी चीफ्सनी टायरिक हिल या रिसीव्हरला विकलं, तेच शहाणपणाचं नव्हे का?

उत्तर : पॅट्रिक महोम्ससारखा क्वार्टरबॅक घरात असेल तर नक्कीच! मार्च 2022 मध्ये हिल मायामीला गेला, बदल्यात पाच ड्राफ्ट पिक (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडण्याच्या संधी) आले. त्यांच्याच जोरावर निवडीच्या क्रमात वर सरकून कॉर्नरबॅक (बचावातला खेळाडू) ट्रेंट मॅकडफी घेतला आणि पुढचे दोन्ही सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकले. साधा क्वार्टरबॅक असलेल्या संघाने ही नक्कल करू नये.

मला फिलाडेल्फियाची रीत जास्त पटते. एप्रिल 2024 मध्येच ते रिसीव्हर डेव्हॉन्टा स्मिथला तीन वर्षांचे 7.5 कोटी आणि ए. जे. ब्राउनला 9.6 कोटी देऊन मोकळे झाले. बोनस पुढच्या वर्षांवर ढकलण्यात तर ते पटाईत, त्याचं बिल कधीतरी येईलच. पण फेब्रुवारी 2025 च्या सुपर बोलमध्ये त्यांनी याच चीफ्सना 40-22 असं लोळवलं. सही केली तेव्हा ब्राउन लीगमधला सर्वांत महाग रिसीव्हर होता. जूनमध्ये जेफरसनचा करार झाला आणि तोच आकडा रास्त वाटू लागला.