मुलगी २० वर्षांची आहे, शास्त्रीय गाणं शिकते. संगीत नाटकात करिअर करायचं म्हणते. पोट भरेल का? आणि गाण्याचं नुकसान होईल का?

पोटाचं आधी सांगून टाकते. नुसत्या संगीत नाटकावर भरणार नाही. मी 1988 साली रंगमंचावर उभी राहिले तेव्हा माझी नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, 75 रुपये होती आणि सकाळी दहाला मी बँकेत कॅशच्या खिडकीमागे हजर असायचे, कधीकधी कानामागचा रंग तसाच. आजच्या मुलीही नाट्यगीतांचे कार्यक्रम, दिवाळी पहाट, शिकवण्या, मालिका असं जोडजोडूनच चालवतात. झालं.

आता दुसरा प्रश्न. 'नुकसान' हा शब्द तुम्हाला कुणी दिला असेल ते मला न सांगता कळतं. तिच्या गुरुजींनी. मलाही माझ्या गुरुजींनीच दिला होता.

'संगीत सौभद्र' या नाटकाचा प्रयोग, तालुक्याच्या गावी. सुभद्रा करणाऱ्या बाई तापानं फणफणलेल्या, म्हणून मी बदली उभी राहिले. 'वद जाऊ कुणाला शरण' हे पद तुमच्या मुलीला येतच असेल. भाऊ दुर्योधनाला द्यायला निघालाय, अर्जुनाचा पत्ता नाही, आणि सुभद्रा सखीला विचारते, सांग गं, कुणाकडे जाऊ? म्हणजे ते अख्खं पद समोरच्या बाईला विचारलेला प्रश्न आहे. पहिल्यांदा मी तसंच गायले. घाबरले होते म्हणूनही असेल. सखीचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या बांगड्या माझ्या तळव्यात रुतल्या. ताना नावालाच. एका जागी आवाज चिरकलासुद्धा. पद संपलं आणि मागच्या रांगांतून वन्स मोअर आला.

आयुष्यातला पहिला! ऑर्गनवाल्यानं हसून परत काळी चार, म्हणजे माझी पट्टी, दिली. मी मनगट सोडलं, दोन पावलं पुढे आले, प्रेक्षकांकडे तोंड केलं आणि गायले. 'शरण'वर सगळ्या ठेवणीतल्या जागा घेतल्या, तान फिरवून समेवर आले तेव्हा तबलजीनं मान डोलावली. टाळ्या आधीपेक्षा जास्त. मागे वळले, तर सखीचं काम करणाऱ्या काकू पदर तोंडाशी धरून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "मला विचारतेयस की त्यांना?"

पुढचं वाक्यच आठवेना. प्रॉम्प्टरनं दोनदा दिलं.

प्रयोगानंतर गुरुजी रंगपटात आले. मुद्दाम एसटीनं आले होते बिचारे. म्हणाले, "पहिल्यांदा नाटक केलंस. दुसऱ्यांदा गायलीस." कौतुकानं म्हणाले हो. काकू आरशासमोर गंगावन सोडवत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. पुढे मी नाटक सोडत नाही म्हटल्यावर त्या वर्षीच्या गुरुपौर्णिमेच्या पत्रिकेत माझं नाव नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं, "नाटकात गळा नासतो."

तेव्हा मी 22 वर्षांची, पाया पडून गप्प बसले. जे बोलायला हवं होतं ते तुम्हाला सांगते. हिराबाई बडोदेकर किराणा घराण्याच्या, मैफली गाजवणाऱ्या, आणि त्यांनी स्वतःची नाटक कंपनी काढली, रंगभूमीवर उभ्या राहिल्या, तेही स्त्रियांची कामं पुरुषच करत होते त्या काळात. नासला का त्यांचा गळा? 1916च्या 'स्वयंवर' नाटकाच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, म्हणजे एका मोठ्या शास्त्रीय गवयाच्या. त्यांना गाणं कळत नव्हतं असं कोण म्हणेल? जयमालाबाई शिलेदार आणि कीर्तीताई या मायलेकींनी तर आयुष्यच संगीत नाटकात घातलं. नाट्यपद हे ख्यालाचं, म्हणजे मैफलीतल्या शास्त्रीय गाण्याचं, उरलंसुरलं नाही. त्यात गाणारी कोण आहे आणि कुणाला सांगतेय हे ठरलेलं असतं, आणि ते सांभाळून गाणं अवघड असतं. पहिल्यांदा मी गायले ते गाणंच होतं, गुरुजी. दुसऱ्यांदा मी परीक्षा दिली.

म्हणून माझं स्पष्ट मत, रडण्याच्या पदाला वन्स मोअर घेऊच नये. नमस्कार करावा आणि पुढचं वाक्य बोलावं. लोक रागावतील. रागावू देत.

गळा बिघडतो तो गद्यानं, म्हणजे संवादांनी. शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून घसा ताणून बोलायचं, रात्री बसमध्ये खिडकीशी झोपायचं, दुसऱ्या दिवशी परत तेच. तेव्हा आधी तिला बोलायला शिकवा. दुसरं म्हणजे कान. क्लासमध्ये तानपुरा लावून पाच मिनिटं स्थिर व्हायला मिळतं. इथे अर्जुन त्याच्या पट्टीत, काळी एकमध्ये, गाऊन नुकता थांबलेला असतो, तुमचं वाक्य चालू असतं, आणि त्या वाक्याच्या शेपटाखाली ऑर्गनवाला हळूच तुमची काळी चार सोडतो. ती पकडून, श्वास न घेतल्यासारखं दाखवत, बोलण्यातूनच पदात शिरायचं. बोलणं कुठे संपलं हे कळता कामा नये. हे कुठल्याही परीक्षेला नसतं.

गुरुजी अगदीच चुकीचे नव्हते, हेही लिहायला हवं. पाच मिनिटांत सगळं सांगून मोकळं व्हायची सवय लागली आणि माझा बडा ख्याल, म्हणजे संथ लयीत सावकाश उलगडायचं गाणं, गेला. विलंबितात दहा मिनिटं गेली की कान टाळीची वाट बघायला लागतात. मुलीला मैफलच करायची असेल तर हा विचार करा. शिवाय मी 2001 मध्ये थांबले. आता कपड्यांत लपवलेले माइक असतात, तेव्हा घसा ताणायचं माझं रडगाणं थोडं जुनंही असेल.

राज्य नाट्य स्पर्धेच्या संगीत विभागाचे प्रयोग होतात, तिकडे तिला घेऊन जा. मधली खुर्ची नको, ऑर्गनच्या बाजूची धरा. आणि पद चालू असताना गाणारीकडे बघू नका, जिला ते सांगितलं जातंय तिच्याकडे बघा. घरी येताना तिला विचारा काय दिसलं. आणि बँकेच्या परीक्षेचा फॉर्म मात्र भरून ठेवा.