माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे?

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांची आहे. पुण्यात दुसऱ्या वर्षाला शिकते, गाव नंदुरबार. आमच्या सरांनी ‘माझी सांस्कृतिक पार्श्वभूमी’ या विषयावर निबंध लिहून वर्गात वाचायला सांगितलाय. मिझोरामच्या मुलीनं घरून पुआन आणलं, नेसून दाखवलं, त्यावरच्या नक्षीबद्दल सांगितलं. केरळचा मुलगा ओणमबद्दल बोलला. माझी रूममेट मालवणची आहे. ती तोंड उघडायचा अवकाश, सगळे म्हणतात, किती गोड! मी मात्र पहिल्याच आठवड्यात आईला फोनवर आमच्या अहिराणीत ‘आठे बठ्ठं चांगलं शे’ (इथं सगळं चांगलं आहे) म्हणाले आणि तेव्हापासून मुली मला ‘शे शे’ म्हणून हाक मारतात. त्यांच्या मनात वाईट नसतं, पण आता मी आईशी बोलायला गच्चीवर जाते. सुट्टीत घरी गेले की भाऊ म्हणतो, पुणेरी झाली ही.

बाबा एका अडत्याकडे तोलाईचं काम करतात. आई हंगामात मिरची वाळवायच्या पथारीवर जाते, देठ खुडायला. तिच्याबरोबरच्या बाया भिल्ली बोलतात, व्यापारी गुजराथी, ट्रकवाले हिंदी. आई सगळ्यांशी बोलते, तिला कामापुरतं सगळं येतं. आमच्याकडे नेसून दाखवावं असं काही नाही. कानबाई या देवीचा सण असतो, त्याची माहिती नेटवरून काढून लिहू का? – एक वाचक (नाव छापू नये)

उत्तर : आधी हे सांगते की तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना ते बाजूला ठेवून थोडा वेळ उठावं लागलं. मी अमळनेर तालुक्यातली. १९७९ साली पुण्यात शिकायला आले. पहिल्या दिवाळीनंतर आई मला भेटायला आली. रात्रभर एसटीनं प्रवास करून, मांडीवर पितळेचा डबा धरून. वसतिगृहाच्या दारात तिनं रेक्टरबाईंना विचारलं, ‘मनी आंडेर कठे शे?’ माझी मुलगी कुठं आहे? मी जिन्यावरच होते. बाई हसल्या नव्हत्या, कुणीच हसलं नव्हतं. तरी खोलीत आल्याबरोबर मी आईला म्हणाले, ‘आई, इथं नीट बोल.’ त्यानंतर ती दोन दिवस राहिली आणि मी सोडून कुणाशी एक शब्द बोलली नाही. माझ्या मैत्रिणींनी काही विचारलं की मान हलवायची.

डब्यात मांडे होते. तू पाहिले असशीलच. पण पुण्यात कुणाला सांगायचं म्हटलं तर कसं सांगशील, याचा विचार करून बघ. गव्हाचं पीठ इतकं सैल तिंबायचं की उचललं तर हातातून ओघळायला हवं. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत मोठा करायचा, पार कोपरापर्यंत जातो तो, आणि मग एका झटक्यात पालथ्या खापरावर टाकायचा. आईच्या हातांवर मनगटापासून वर ठिकठिकाणी भाजल्याचे फिकट डाग होते. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच बायकांचे हात असे असतात. निबंधात लिहायचं ते असलं. ते नेटवर सापडणार नाही.

म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : नाही. कानबाईवर लिहायचं तर तुझ्या घरची कानबाई लिही. नागपंचमीनंतरचा रविवार, नारळाला नथ आणि डोळे, रात्रभर बायकांची गाणी, हे प्रत्येक लेखात असतं. तुझ्या घरी नैवेद्याच्या रोटांचे गहू कोण मोजतं, ते बघितलंयस का? आमच्याकडे घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजायचे. आजोबांची, वडिलांची, काकांची, पाळण्यातल्या चुलतभावाचीसुद्धा. मी दहा वर्षांची असताना आजीला विचारलं, माझी मूठ कुठंय? ती म्हणाली, ‘तुनी मूठ तुना सासरले.’ लग्नानंतर सासरी गेले, तिथंही नवऱ्याच्या नावानं मूठ पडली. मला ती रात्र, ती गाणी, दुसऱ्या दिवशी डोक्यावर पाट घेऊन नदीवर निघणाऱ्या बायका, सगळं जीव लावून आवडतं आणि ही मूठ मला आजही खुपते. दोन्ही लिही. वर्गात आपापल्या घरचं फक्त छान छान सांगायची चढाओढ लागली असेल, तर तू त्यात पडू नकोस.

आता ‘शे’बद्दल. तुझ्या मैत्रिणींना वाटतं, तू ‘आहे’ चुकीचं बोलतेस. शाळेच्या पुस्तकात जी मराठी आपण शिकलो ती मुख्यतः पुण्याकडच्या बोलीवर बेतलेली आहे. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, पुढं मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली शाळेची पुस्तकं तयार झाली आणि त्या पुस्तकांतलं ते शुद्ध, असं ठरत गेलं. तुझा ‘शे’ त्या पुस्तकांतून आलेलाच नाही, मग तो त्यातला बिघडलेला शब्द कसा असेल? तो गुजराथीतल्या ‘छे’चा शेजारी आहे. आपण ‘रामनं घर’ म्हणतो, गुजराथीत ‘रामनुं घर’ म्हणतात. तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडं जाणारी वाट किती जुनी आहे, ते या एका ‘नं’मध्ये ऐकू येतं. ग्रिअर्सन या भाषाशास्त्रज्ञानं १९०७ साली भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या ज्या खंडात खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, घातली, तो भिल्ली भाषांचा खंड होता. २०११च्या जनगणनेतही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजली आहे, बोलणारे साडेअठरा लाखांच्या आसपास. आमच्या घरी मोजणीला आले तेव्हा वडील मातृभाषा ‘मराठी’च सांगायचे. तुझ्याही घरी काय सांगतात, ते विचार. ती भाषा की बोली, हा वाद अभ्यासक घालोत. मला एवढंच कळतं की आठे आणि तठे म्हणणाऱ्या माणसाला कुणी इथं आणि तिथं शिकवण्याची गरज नसते.

मालवणी गोड आणि अहिराणी हसण्याजोगी, असं का? मालवणीला नाटकानं घराघरांत नेलं, लोकांचा कान तिला सरावला. आपली पुण्याच्या कानावर पडलीच नाही. बहिणाबाईंचं नाव काढून कुणी तुला म्हणेलही, की तुमची भाषा किती समृद्ध. तेव्हा न रागावता सांग, की त्यांची बोली लेवा गणबोली, जळगावकडची, आणि तुझी तिच्याहून वेगळी आहे. खानदेशात एकच बोली नाही, हेही तुझ्या वर्गाला कळू दे.

आणि तुझं नंदुरबार! तिथल्या शिरीषकुमारचं नाव तू शाळेत शंभरदा घेतलं असशील. ९ सप्टेंबर १९४२ला, ‘चले जाव’ चळवळीच्या मोर्चात, तो आणि आणखी चार मुलं पोलिसांच्या गोळीबारात गेली. तेव्हा त्याला सोळा वर्षंही पुरी झाली नव्हती. त्या मुलांच्या तोंडी घोषणा होती, ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमि भारतनुं’. गुजराथीत. महाराष्ट्राच्या एका गावातल्या मुलांनी, आणि त्या गावाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. शाळेत ती ओळ म्हणताना तुम्हाला कुणी भाषांतर करून सांगितलं होतं का? मला नाही वाटत.

तू लिहिलंस, ‘आई सगळ्यांशी बोलते, तिला कामापुरतं सगळं येतं.’ आणि पुढच्याच ओळीत लिहिलंस, दाखवण्यासारखं काही नाही. बाळ, वर्गात मिझोराम आणि केरळ शेजारी बसले याला तुझे सर विविधता म्हणतात. तुझी आई रोज सकाळी तिच्यातच कामाला जाते. लाल मिरची नजर पोचेल तिथवर पसरलेली, नाकातोंडाला पदर बांधलेला, बोटांची आग होतेय. डाव्या हाताच्या बाईशी एक भाषा, समोरच्या मुकादमाशी दुसरी, टपरीवर चहा मागताना तिसरी. तिला कुणी बहुभाषिक म्हटलं नाही, प्रमाणपत्र दिलं नाही, मजुरीत एक रुपया वाढवला नाही. याच्यावर लिही. तिला फोन करून विचार, भिल्लीतला पहिला शब्द कुणाकडून शिकलीस? दलालाशी भाव करताना कुठल्या भाषेत बोललं की तो ऐकतो? रडू आलं की कुठल्या भाषेत रडतेस? ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत उतरवून घे. अर्थ खाली मराठीत दे, पण तिचं वाक्य मोडू नकोस.

भाऊ ‘पुणेरी’ म्हणतो, ते मनावर घेऊ नकोस. त्याला तुझी आठवण येते, इतकाच त्याचा अर्थ.

गच्चीवर जायचं मात्र थांबव. हे मी सल्ला म्हणून सांगत नाही, विनंती करते. खोलीत, पलंगावर बसून, सगळ्यांसमोर आईशी बोल. पहिले चार दिवस कान तापतील. मालवणच्या मैत्रिणीला दोन वाक्यं शिकव, तिच्याकडून दोन घे. मिझोरामच्या मुलीला विचार, ती घरी फोनवर बोलते तेव्हा कुठं जाऊन बोलते. तीही एखाद्या जिन्यात जात असेल.

माझी आई २००६मध्ये गेली. शेवटची काही वर्षं ती माझ्याकडे पुण्यातच होती. मी तिच्याशी अहिराणीत बोलायचे, ती मला मराठीत उत्तर द्यायची. अडखळत, शब्द शोधत, नीट.

तुझी आई भेटायला येईल तेव्हा तिला मेसमध्ये घेऊन जा. वाढणाऱ्या मावशींना ती विचारेल, भाकर शे का? विचारू दे तिला.