पाण्याखाली जायचंय? चार दिवस नको, आठवडा काढा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगलीचा, वय चोवीस. जुलैत पाठीवर बॅग टाकून दोन महिन्यांसाठी निघतोय. आधी थायलंड, मग बाली आणि लोंबोक. वाटेत को ताओ बेटावर स्कूबा शिकायचं आहे. कोर्स साडेतीन दिवसांत होतो असं वाचलं, म्हणून चार दिवस ठेवलेत. पाचव्या दिवशी फेरीबोट, रात्रीची बस आणि सकाळी बँकॉकहून बालीचं विमान. पुरेल ना? कृष्णेत पोहायला शिकलोय आणि मालवणला स्कूबा केलंय. पुढे लोंबोकचा रिंजानी डोंगर चढायचा आहे, कोमोडोलाही डाइव्ह करायची आहे.

उत्तर : जागा आणि महिना दोन्ही छान निवडलेस. जुलैत फुकेत-क्राबीच्या बाजूला आपल्यासारखाच नैऋत्य मोसमी पाऊस असतो. सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात. को ताओ पलीकडच्या आखातात आहे, तिथे त्या वेळी समुद्र बराच निवांत असतो. तिथले वाईट महिने नोव्हेंबर-डिसेंबर.

चार दिवसांचा हिशोब मात्र बदल. मी त्या बेटावर काही हंगाम शिकवलं आहे आणि विद्यार्थ्यांचे दिवस कशात जातात ते जवळून पाहिलं आहे. ते जातात सर्दीत. बँकॉकहून चुंफोनपर्यंत रात्रभर एसी बस, पहाटे धक्क्यावर ताटकळणं, मग फेरी, हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये पुन्हा एसी. पोरं बेटावर उतरतात तीच नाक चोंदलेली. पृष्ठभागापासून १० मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि कानातल्या पोकळीतली हवा दबून निम्मी होऊ पाहते. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं आणि मधल्या कानात हवा भरत राहायचं. ते पहिल्या मीटरपासूनच सुरू करायचं, दुखायची वाट बघायची नाही. सर्दीत नाकातून कानाकडे जाणारी ही वाट बंद असते. जोर लावून उतरलास तर पडद्याला इजा होऊ शकते. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरावं, तर तिचा असर पाण्याखालीच संपतो आणि वर येताना हवा कानात अडकते.

अशा वेळी एकच उपाय, थांबायचं. दोन दिवस, कधी तीन. हाताशी मोकळे दिवस असले की माणूस शांतपणे थांबतो, भाताची पेज खातो, किनाऱ्यावर पुस्तक वाचतो. तिकीट काढलेलं असलं की तोच माणूस इन्स्ट्रक्टरला सांगतो, ‘कान ठीक आहेत.’ हे खोटं मी फार वेळा ऐकलंय, आणि दर वेळी जीव तुटला. म्हणून तुझ्यासाठी आठवडा मागतेय. बालीचं विमान त्यानंतरचं काढ.

थिअरी सांगलीतच ऑनलाइन उरकून जा. वर्ग लागलेला असताना समोर निळं पाणी दिसत असतं, अभ्यास होत नाही. आरोग्याचा छापील फॉर्मही आधीच डाउनलोड कर. दमा, हृदय, फिट, कानाचं ऑपरेशन असं काही त्यात ‘हो’ आलं तर डॉक्टरांची सही लागते. ती आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडून घरीच घे. बेटावर, बोट सुटायच्या आदल्या दिवशी, ‘नाही’वर खूण करायचा मोह होतो.

मालवणचा अनुभव खरा आहे, तो कुणी काढून घेत नाही. पण सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ तुला धरून नेणारा, तुझी हवा बघणारा, वर-खाली करणारा माणूस दुसराच होता. ओपन वॉटर, म्हणजे तू शिकणार असलेल्या पहिल्या कोर्समध्ये ती सगळी कामं तुझ्या हातात येतात. मास्क पाण्याने भरला तर नाकाने हवा सोडून रिकामा करायचा, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर (टँकमधली हवा तोंडात देणारा भाग) शोधून परत लावायचा, जोडीदाराची हवा संपली तर आपली द्यायची. त्यानंतर समुद्रात चार डाइव्ह, कमाल १८ मीटरपर्यंत. या सगळ्यात सर्वांत उशिरा येते ती तरंगण्याची कला. श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली, हातपाय न मारता पाण्यात स्थिर. साडेतीन दिवसांत कार्ड मिळतं, ही गोष्ट मिळेलच असं नाही. म्हणून उरलेल्या दिवसांत ट्विन्स किंवा व्हाइट रॉकसारख्या सोप्या जागी नुसत्या मजेच्या डाइव्ह कर. पोहण्याची परीक्षा कृष्णेत शिकलेल्याला जड नाही, २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं.

शाळा निवडताना दर शेवटी बघ. मानकांप्रमाणे समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे आठ विद्यार्थी चालतात. चारच घेणारी शाळा शोध आणि प्रत्यक्ष कोण शिकवणार त्याच्याशी अर्धा तास बोल. तो तुझ्या पुढच्या बेताची चौकशी करतो का, बघ.

आता रिंजानी. विमानाचा नियम लोकांना ठाऊक असतो, सलग काही दिवस डाइव्ह केल्यावर किमान १८ तास उडायचं नाही. शरीरात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाला की बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतो, हे त्यामागचं कारण. पण डोंगरावरही दाब कमीच असतो, आणि रिंजानी ३,७२६ मीटर उंच आहे. लोंबोकजवळच्या गिली बेटांवर सकाळी डाइव्ह आणि त्याच रात्री चढाई असं ठेवू नकोस, मध्ये पूर्ण दिवस जाऊ दे. बालीतही हेच. तुलांबेनहून उबुदला परतताना स्कूटर किंतामणीच्या घाटाने घालू नकोस, तो रस्ता दीड हजार मीटरच्या आसपास चढतो. किनाऱ्याकिनाऱ्याने ये.

तुलांबेनला मात्र नक्की जा. ‘लिबर्टी’ नावाचं अमेरिकी मालवाहू जहाज जानेवारी १९४२मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जखमी झालं आणि इथल्या किनाऱ्यावर आणून लावलं. १९६३मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा ते घसरून पाण्यात गेलं. आज त्याचा वरचा भाग इतका उथळ आहे की गोट्यांच्या किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं आणि थोड्याच वेळात जहाज समोर. गावातल्या बायका डोक्यावर टँक घेऊन जातात, त्यांना वाट दे. जहाज ३० मीटरच्या आसपास खोल जातं, तुझी हद्द १८. वरच्या भागातच बघण्यासारखं पुष्कळ आहे.

कोमोडो या फेरीत नको. तिथले प्रवाह अनुभवी माणसालाही ओढून नेतात.

प्रश्न : माझी मुलगी एकटी अशाच प्रवासाला निघाली आहे. ऑक्सिजनचा सिलिंडर मध्येच संपला तर, या विचाराने झोप लागत नाही. तिला काय विचारू? – एक आई, ठाणे

उत्तर : काकू, टँकमध्ये ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवाच असते. साधारण २०० बार (दाबाचं माप) इतका भरलेला टँक घेऊन उतरतात आणि ५० बार शिल्लक असताना बोटीवर परततात. किती उरली ते काट्यावर सतत दिसतं, आणि दर काही मिनिटांनी ते बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावतात.

मुलीला विम्याबद्दल विचारा. प्रवासविम्यात डाइव्हिंग धरलंय का, किती मीटरपर्यंत, आणि शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे झाले तर दाबाच्या बंद कक्षात ठेवून करतात ते उपचार त्यात येतात का, हे तिने पॉलिसीत स्वतः वाचलेलं असू दे. आणि एक गोष्ट तुम्ही तिला तुमच्या तोंडून सांगा. कुठलीही डाइव्ह, कुठल्याही क्षणी, कारण न देता रद्द करता येते. पैसे भरलेत, सगळे थांबलेत, इन्स्ट्रक्टर रागावेल, असलं काही मनात आणायचं नाही. आईने सांगितलेलं असलं की बोटीच्या काठावर उभं राहून ‘आज नको’ म्हणणं सोपं जातं.

प्रश्न : चष्म्याचा नंबर उणे चार आहे. मासे दिसतील का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : दिसतील. पाण्यात वस्तू मुळातच एक तृतीयांश मोठ्या दिसतात. पुष्कळ शाळांकडे नंबरचे मास्क असतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात, मास्क रिकामा करताना डोळे मिटून घ्यायचे, सुटी जोडी जवळ ठेवायची. बुकिंग करतानाच दोन्ही डोळ्यांचा नंबर लिहून कळवा, म्हणजे मास्क तुमच्यासाठी बाजूला ठेवतील.