एचआयव्हीवरील लशीच्या संशोधनाला लोकांचा पाठिंबा कसा मिळवावा?

लस अजून हाती आलेली नसताना तिच्या संशोधनासाठी लोकांकडे पाठिंबा मागायचा तरी कसा, असे आपण विचारले आहे. पुण्यात मी अनेक वर्षे एचआयव्ही समुपदेशक म्हणून काम केले. त्या अनुभवावरून सांगते की लोक संशोधनाच्या विरोधात नसतात. त्यांच्या घरगुती शंकांना उत्तर मिळालेले नसते.

पुण्याला हा विषय नवा नाही. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००५ मध्ये एचआयव्ही लशीची देशातील पहिली मानवी चाचणी सुरू झाली आणि तीत ३० निरोगी स्वयंसेवकांनी भाग घेतला. लस सुरक्षित आढळली, मात्र शरीराचा प्रतिसाद तोकडा पडल्याने ती पुढे गेली नाही. त्या स्वयंसेवकांचे ऋण शहराने कधी मानल्याचे मला आठवत नाही आणि याची मला खंत वाटते.

दापोडीतील एका बचत गटाच्या बैठकीत एका आईने विचारले होते, “ताई, लस घेतल्यावर माझ्या मुलाला तोच आजार झाला तर? आणि उद्या लग्न ठरताना रक्त तपासलं, त्यात पॉझिटिव्ह आलं तर?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: या लशींमध्ये जिवंत एचआयव्ही नसतो, विषाणूच्या काही अंशांची ओळख शरीराला करून देण्याची सोय असते, त्यामुळे लशीमुळे लागण होऊ शकत नाही. दुसरा प्रश्न मात्र फार महत्त्वाचा आहे. नेहमीची तपासणी रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढण्यासाठी शरीराने बनवलेल्या अँटीबॉडीज, शोधते आणि लस तर प्रतिपिंडे तयार करण्यासाठीच दिलेली असते. म्हणून लागण नसतानाही अहवाल पॉझिटिव्ह येऊ शकतो. अशा वेळी प्रत्यक्ष विषाणूची जनुकीय सामग्री शोधणारी चाचणी करून खरे काय ते ठरवता येते आणि ती सोय स्वयंसेवकाला चाचणी संपल्यानंतरही मिळाली पाहिजे. हे आम्ही आधी सांगितले तेव्हा लोक बिचकले नाहीत. लपवले असते तर पुढे एका लग्नघरात ते बाहेर आले असते आणि वस्तीचा विश्वास कायमचा गेला असता.

अपयशेही सांगावीत. थायलंडमधील १६,००० हून अधिक स्वयंसेवकांच्या चाचणीत २००९ मध्ये सुमारे ३१ टक्के संरक्षण दिसले, पण त्याच धर्तीवरची दक्षिण आफ्रिकेतील चाचणी २०२० मध्ये थांबवावी लागली. करोनाची लस वर्षभरात आली, मग ही का नाही, असे पुण्यात हमखास विचारतात. करोनातून बहुतेकांचे शरीर स्वतःच बरे होते, त्यामुळे लशीला कोणता प्रतिसाद घडवायचा याचा अंदाज होता. एचआयव्ही मात्र सतत रूप बदलतो, पेशींच्या जनुकांत दडून बसतो आणि शरीर त्याला आपणहून हुसकावू शकत नाही.

१८ मे हा एचआयव्ही लस जागृती दिन आहे. त्या दिवशी चौकात फलक लावण्यापेक्षा आपल्या सोसायटीत किंवा मंडळात तासाभराची बैठक घ्या, जाणकार समुपदेशकाला बोलवा आणि अर्धा वेळ केवळ प्रश्नांसाठी राखून ठेवा; आयांना मुद्दाम पुढे बसवा.