पॉइन्सेटियाला अंधार हवा

प्रश्न : काका, मागच्या नाताळात आमच्या सांगलीच्या चर्चसाठी पॉइन्सेटियाच्या पाच कुंड्या आणल्या होत्या. नंतर चार रोपं फाटकापाशी आणि एक मागे विहिरीजवळ जमिनीत लावलं. फाटकापाशी रात्रभर मोठा दिवा असतो, म्हणून झाडं तिथे उठून दिसतील असं वाटलं. छातीएवढी वाढली, पण या नाताळात चारही हिरवीगार! विहिरीजवळचं मात्र लालबुंद. खत सगळ्यांना सारखंच घातलं होतं. ईस्टरसाठी लावलेले पांढऱ्या लिलीचे कांदेही कुजले. काय चुकलं?

उत्तर : ताई, खताला दोष देऊ नका, त्या दिव्याकडे बघा. पॉइन्सेटिया मूळचा मेक्सिकोचा. रात्र १२ तासांपेक्षा मोठी होऊ लागली की तो फुलायच्या तयारीला लागतो, आणि ती रात्र सलग काळोखाची लागते. तुमच्या फाटकापाशी रात्र होतच नाही. माझ्या मिरजेच्या घरी असंच एक झाड होतं. रस्त्यावरच्या खांबाकडची बाजू हिरवी आणि भिंतीच्या सावलीतली लाल, एकाच बुंध्यावर. ते बघितलं तेव्हा मला हे कळलं.

दसऱ्यापासून नाताळापर्यंत दिवा संध्याकाळीच बंद करता आला तर उत्तम. सुरक्षेसाठी तो लागणारच असेल, तर झाडंच विहिरीकडे हलवा. मार्चमध्ये गुडघ्याएवढी छाटा, मग हलवा. नंतर शेंडे खुडत राहा म्हणजे फांद्या वाढतील, पण ऑगस्ट संपला की कात्री लावू नका. छाटताना निघणारा पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. आणि एकदा मुलांना जवळ नेऊन दाखवा : लाल आहेत ती पानं, खरी फुलं म्हणजे मधले पिवळे-हिरवे मणी.

लिलीचं मला फार वाईट वाटलं, कारण कांदे महाग असतात. ती लिली दक्षिण जपानच्या बेटांवरची. आपल्या काळ्या जमिनीत पाणी धरून राहतं, कांदा श्वासच घेऊ शकत नाही. शिवाय ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो, म्हणजे आपला ऐन उन्हाळा. त्या दिवसांत इथे पांढरं हवं असेल तर पांढरा चाफा लावा. पानं झडलेल्या फांदीवरही तो फुलतो. मोगराही तेव्हाच बहरात येतो. वेदीवर ठेवायला लांब दांड्याचं फूल हवं असेल तर गुलछडी. एकदा लावली की दोन-तीन वर्षं त्याच वाफ्यात राहते.

कांद्याचंच मन असेल तर आपल्याकडे बागांतून दिसणारी ती मोठ्या कर्ण्यासारखी लाल लिली घ्या. वीतभर उंच वाफा करा, मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा, कांद्याची मान मातीच्या वर ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडा, फेब्रुवारीत पुन्हा सुरू करा. पाणी कडेने द्या, मानेत साचू देऊ नका.